नेरूळ, नेरळ आणि एक पुल रिक्वेस्ट

नेरूळच्या एका महिला बचत गटाने नेरूळमधल्याच गिऱ्हाइकाला पाठवलेलं भाजणीचं पाकीट कर्जतच्या अलीकडे, नेरळला जाऊन परत आलं. तेही दिवाळीच्या तोंडावर. कुरिअरवाल्याला बोल लावायची सोय नव्हती, कारण लेबलवर छापलंच होतं ‘नेरळ’. ते लेबल छापणारा प्रोग्राम गटाच्या अध्यक्षबाईंच्या पुतणीने लिहिलेला. ती कळव्याला राहते, ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत नोकरी करते, आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा तिच्या रोजच्या हाताखालची आहे. काकूंनी फोनवर एवढंच विचारलं, “अगं, तुझ्या कॉम्प्युटरला नेरूळ ठाऊक नाही का? स्टेशनात एवढा मोठा बोर्ड आहे!”

या फोनपासून ते एका मुक्तस्रोत (ओपन सोर्स) लायब्ररीत, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या तयार कोडच्या संचात, तिचा कोड जाईपर्यंत काय काय झालं, ते इथे लिहितो. मी तिचा जुना सहकारी. अडलं की ती मला विचारायची, म्हणून सगळं जवळून पाहता आलं. तिचं नाव तिनेच नको म्हटलंय. लायब्ररीचंही देत नाही, कारण ही चूक त्या एका लायब्ररीची नव्हे. हाच नुस्खा असंख्य प्रोग्रामांत तसाच्या तसा उतरवलेला आहे.

ओपन सोर्सला कोड कसा द्यायचा यावर मराठीत जे सांगितलं जातं, ते बहुतेक वेळा फोर्क करा, क्लोन करा, ब्रँच काढा, पुश करा इथेच संपतं. गिट हे कोडमधले बदल नोंदणारं साधन आणि गिटहब ही तो कोड ठेवायची साइट; त्यांच्या या पायऱ्या एका संध्याकाळी येतात. या प्रकरणात वेळ गेला तो वेगळ्याच दोन गोष्टींत. समोरच्याला जी लिपी वाचताच येत नाही तिच्यातली चूक त्याला दाखवायची कशी, आणि आपल्या गरजेचा बदल इतरांच्या पोटावर पाय न देता करायचा कसा.

दोष नेमका कुठे

प्रोग्राम साधा होता. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, गटातली कुणीतरी ठिकाणाचं नाव मराठीत टाइप करते, प्रोग्राम ते गावांच्या यादीशी ताडून सर्वांत जवळचं नाव उचलतो, त्याप्रमाणे कुरिअरचा दर लावतो आणि लेबल छापतो. नावं ताडायचं काम ती बाहेरची लायब्ररी करायची.

तिने पहिल्यांदा स्वतःची यादी तपासली. नेरूळ होतं, नेरळही होतं, दोन्ही बरोबर लिहिलेली. मग तिने आपला प्रोग्राम एकेक तुकडा काढत छाटत नेला. दर गेले, लेबल गेलं, यादी गेली, शेवटी लायब्ररीतलं एकच फंक्शन उरलं. ताडण्याआधी नावातल्या ‘अनावश्यक खुणा’ पुसून ते सपाट करणारं. त्याला ‘नेरूळ’ दिलं तर बाहेर येत होतं ‘नरळ’. ‘नेरळ’ दिलं तरी ‘नरळ’.

दोन्ही नावं सारखीच झाल्यावर दोघांना पैकीच्या पैकी गुण. मग दरवेळी नेरळच का निवडलं जात होतं? यादी यूनिकोड क्रमांकांनुसार, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला आणि खुणेला ठरवून दिलेल्या क्रमांकांनुसार, लावलेली होती. ‘नेर’पर्यंत दोन्ही नावं सारखी, पुढे नेरळमध्ये येतो ळ, क्रमांक ०९३३, आणि नेरूळमध्ये येतो दीर्घ उकार, क्रमांक ०९४२. लहान आकडा पुढे. त्यामुळे बरोबरी झाली की नेरळ जिंकायचं, आणि नेरूळचं गिऱ्हाईक कायम हरायचं.

हे कळल्यावर तिने ठाणे-वाशी मार्गावरची स्टेशनं एकामागून एक त्या फंक्शनमधून काढली. ऐरोली तशीच राहिली. रबाळेचं ‘रबाळ’ झालं. घणसोली शाबूत. कोपरखैरणेचं ‘कोपरखरण’, तुर्भेचं ‘तरभ’. सानपाडा आणि वाशी यांना धक्काही नाही. पुणे टाकलं तर ‘पण’. देव, दैव आणि दव तिन्ही एकच. निम्मी नावं बिघडतात आणि निम्मी सुखरूप राहतात, म्हणूनच हा दोष इतके दिवस दडून राहिला असणार. वाशीत बसून कुणी तपासलं असतं तर सगळं आलबेल दिसलं असतं.

कारण असं. फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये ‘ई’वर तिरकी रेघ असते, शोधताना लोक ती रेघ टाइप करत नाहीत. म्हणून प्रोग्रामर काय करतात, आधी अक्षर आणि खूण यूनिकोडच्या नियमाने सुटी करायची आणि मग ‘एमएन’ वर्गातली प्रत्येक खूण टाकून द्यायची. युरोपीय भाषांत हे छान चालतं. पण यूनिकोडमध्ये ‘एमएन’ म्हणजे ओळीत स्वतःची जागा न अडवणारी खूण, आणि देवनागरीतल्या बऱ्याच मात्रा त्याच वर्गात आहेत. अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसणारे एकार, उकार, अनुस्वार आणि हलन्त गळून पडतात. शेजारी उभे राहणारे काना, वेलांटी, ओकार ‘एमसी’ वर्गात असल्याने वाचतात. वाशीत काना आणि वेलांटी, म्हणून वाशी वाचली. पुण्यात उकार आणि एकार, म्हणून पुण्याचं ‘पण’.

घरगुती उपाय

स्वतःपुरता उपाय सोपा होता. ते फंक्शन वापरायचंच नाही, किंवा लायब्ररीची प्रत उचलून आपल्याकडे दुरुस्त करायची. तिने पहिले काही दिवस तेच केलं, कारण फराळाच्या ऑर्डरी थांबणार नव्हत्या. पण अशी खासगी प्रत ठेवणं म्हणजे लायब्ररीची नवी आवृत्ती आली की तोच बदल पुन्हा लावत बसणं. कोड मूळ ठिकाणी देण्यामागे परोपकारापेक्षा हा हिशेब जास्त असतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मेंटेनरांनाही, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्यांनाही, असाच माणूस आवडतो, ज्याला बदलाची खरी गरज आहे. गरज असलेला माणूस रिव्ह्यूमध्ये, म्हणजे कोडच्या तपासणीत, चार प्रश्न आले म्हणून पळून जात नाही.

उलट टोकाचं उदाहरण २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जगाने पाहिलं. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ठरावीक पुल रिक्वेस्टींवर (‘माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या’ अशा विनंत्यांवर) टी-शर्ट मिळायचा, आणि रीडमी या प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये एखादा शब्द घुसवणाऱ्या निरर्थक रिक्वेस्टींचा इतका पूर आला की आयोजकांना नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील तेवढेच धरावे लागले. त्यात आपल्याकडची मुलं बरीच होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. नवख्या माणसाच्या पहिल्या रिक्वेस्टकडे जरा साशंक नजरेने पाहिलं जातं ते त्यामुळेही.

आणखी एक गोष्ट आधी पाहावी लागते. प्रकल्प बाहेरून कोड घेतो का? स्क्वीलाइट हा डेटाबेस आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे आणि त्याचा कोड सार्वजनिक मालकीचा आहे, तरी त्याचे कर्ते बाहेरच्यांचे पॅच सहसा घेत नाहीत; तसं ते उघड लिहूनच ठेवतात. आपल्या लायब्ररीचं तसं नव्हतं. योगदानाची फाइल होती, टेस्ट कशा चालवायच्या ते होतं, आणि प्रत्येक कमिटखाली, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीखाली, ‘साइन्ड ऑफ बाय’ ही सहीची ओळ हवी अशी अट होती.

कंपनीची परवानगी

या ओळीपाशी ती थांबली, आणि थांबली ते बरं झालं. ही अट लिनक्स कर्नलमधून, म्हणजे लिनक्स या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या प्रकल्पातून, आली. एससीओ या कंपनीने २००३ मध्ये आयबीएमवर दावा ठोकला की आमचा कोड लिनक्समध्ये गेलाय. त्यानंतर २००४ मध्ये कर्नलने नियम केला की कोड देणाऱ्याने तो देण्याचा हक्क आपल्याला आहे असं प्रत्येक कमिटवर लिहून द्यायचं. सही म्हणजे नुसती शिष्टाचाराची ओळ नव्हे.

आता तिला तो हक्क होता का? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. शिवाय बऱ्याच आयटी कंपन्यांच्या नेमणूकपत्रात त्याहून ऐसपैस कलम असतं, नोकरीच्या काळात जे काही बनवाल ते आमचं. तिच्याही पत्रात होतं. तिने मॅनेजरला आणि एचआरला मेल केला, त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या. काम घरच्या लॅपटॉपवर, सुट्टीच्या वेळात, आणि कंपनीच्या कुठल्याही ग्राहकाच्या कोडशी याचा संबंध नाही. उत्तर यायला वेळ लागला. आलं ते ‘हरकत नाही’ असं, लेखी.

बरेच जण ही पायरी गाळतात. काही होत नाही तोवर काही होत नाही, हेही खरं. पण उद्या नोकरी बदलताना किंवा लायब्ररी कुणी मोठ्या कंपनीने वापरायला घेतल्यावर कुणी विचारलंच, तर तो एक मेल हाताशी असलेला बरा.

जाता जाता एक बारीक गोष्ट. गिटमध्ये प्रत्येक कमिटला नाव आणि ईमेल चिकटतं, आणि एकदा कोड सार्वजनिक झाला की ते पुसणं जवळपास अशक्य. ऑफिसचा पत्ता तिथे गेला तर ‘हे वैयक्तिक काम आहे’ हे सांगणं अवघड होतं. तिने पहिल्या कमिटआधी गिटच्या सेटिंगमध्ये तो तपासून घेतला.

इश्यू लिहिताना

कोडला हात लावण्याआधी तिने जुने इश्यू, म्हणजे लोकांनी प्रकल्पाला कळवलेले दोष, चाळले. एक सापडला, बहुधा बांगला भाषेच्या वापरकर्त्याचा. ‘माझ्या भाषेत शोध नीट चालत नाही’ अशा अर्थाची दोन वाक्यं, उदाहरण नाही, आवृत्ती नाही. कुणीतरी अधिक माहिती विचारली होती, उत्तर आलं नव्हतं, आणि काही महिन्यांनी बॉटने तो आपोआप बंद केला होता. दोष तोच. पण त्यावरून मेंटेनरला काही करता येण्यासारखं नव्हतं.

तिचा पहिला मसुदा मी वाचला तेव्हा त्यात मराठी किती कोटी लोक बोलतात, देवनागरी किती भाषांत वापरतात, भारतीय भाषांकडे कसं दुर्लक्ष होतं, असं सगळं आलं होतं. मी म्हटलं, “हे खरं आहे, पण यातलं काहीही त्याला आपल्या संगणकावर चालवून बघता येणार नाही.” ती म्हणाली, “दादा, त्याला नेरूळ आणि नेरळ यांतला फरक डोळ्यांना तरी दिसेल का?” प्रश्न रास्त होता. देवनागरी न वाचणाऱ्याला दोन्ही शब्द म्हणजे एकाच आडव्या रेघेला टांगलेली नक्षी.

म्हणून अंतिम इश्यूत अक्षरांइतकीच यूनिकोड क्रमांकांना जागा मिळाली. नेरूळचे पाच क्रमांक, नेरळचे चार, फंक्शनमधून बाहेर आल्यावर दोघांचे उरलेले तेच तीन. त्याखाली चालवून पाहता येईल असा चार ओळींचा कोड, पायथनची आणि लायब्ररीची आवृत्ती. मग दोनच वाक्यं: ही दोन वेगळ्या रेल्वेमार्गांवरची दोन वेगळी स्थानकं आहेत, देवनागरीत या खुणा म्हणजे स्वर, त्यामुळे त्या पुसणं म्हणजे इंग्रजीत ‘पेन’, ‘पिन’ आणि ‘पॅन’ यांतले स्वर काढून तिघांनाही एकच समजणं. जुन्या बंद इश्यूचा दुवाही दिला. शेवटी विचारलं, हा दोष तुम्हाला मान्य आहे का, आणि असेल तर मी दुरुस्ती पाठवू का?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. थेट पुल रिक्वेस्ट पाठवली आणि मेंटेनरचं म्हणणं पडलं की हे असंच असायला हवं, तर सगळी मेहनत पाण्यात. उत्तर आठवडाभराने आलं. त्यांनी कोड चालवून पाहिला होता, दोष मान्य केला होता, रिक्वेस्ट पाठवायला सांगितलं होतं. मधल्या काळात तिचा हात सारखा ‘काही कळलं का?’ लिहायला शिवशिवत होता. तिने तो आवरला. हे लोक पोटापाण्याचं दुसरं काम करून रात्री किंवा रविवारी हा प्रकल्प बघतात.

पहिले दोन प्रयत्न

पायथनच्या यूनिकोडच्या मॉड्यूलमध्ये ‘कम्बायनिंग’ नावाचं एक फंक्शन आहे. खुणेला एक आकडा देतं. मात्रांसाठी तो शून्य. तिने विचार केला, ‘एमएन’ वर्ग पाहण्याऐवजी हा आकडा पाहावा आणि तो शून्य नसेल तरच खूण पुसावी. बदल एका ओळीचा. नेरूळ वेगळं, नेरळ वेगळं, पुणे पुण्यात. तिने मला आनंदाने कळवलं.

मी म्हटलं, “जोडाक्षरं टाकून बघ.” हलन्ताचा आकडा शून्य नाही, नऊ आहे. त्यामुळे हलन्त गळत होता. तुर्भेचं ‘तुरभे’, कल्याणचं ‘कलयाण’, आणि फराळाच्या गटाला शोभेल असं एक: ‘वर्ण’ आणि ‘वरण’ एकच. नुक्त्याचा, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाचा, आकडा सात, तोही गळायचा. आणि मराठीचा खास ऱ, जो ‘कोऱ्या’ किंवा ‘दऱ्या’मध्ये येतो, तो यूनिकोडच्या नियमाने सुटा केला की र आणि नुक्ता असे दोन तुकडे होतात. नुक्ता गेला की साधा र उरतो.

मग तिने सरळ मार्ग घेतला. क्रमांक ०९०० पासून सुरू होणारा देवनागरीचा १२८ जागांचा पट्टा वगळायचा. त्यातल्या कुठल्याही खुणेला हात लावायचा नाही. टेस्ट लिहिल्या, सगळ्या हिरव्या झाल्या, पुल रिक्वेस्ट गेली.

दोन किरकोळ गोष्टी लगेच अडल्या. नवीन माणसाच्या रिक्वेस्टवर गिटहबच्या आपोआप चालणाऱ्या टेस्ट मेंटेनरने बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत. लोक फुकटच्या सर्व्हरवर क्रिप्टो नाणी काढायला लागले म्हणून २०२१ मध्ये ही व्यवस्था आली. तिला वाटलं आपलंच काही चुकलं. दुसरं, तिच्या एडिटरने फाइल सेव्ह करताना स्वतःच्या मनाने सगळी फाइल नव्याने मांडली होती. खरा बदल काही ओळींचा, आणि रिक्वेस्टमध्ये लाल-हिरव्या शेकडो ओळी. मेंटेनरने नम्रपणे सांगितलं, मांडणीतले बदल मागे घ्या, नाहीतर काय बदललंय ते मला दिसत नाही. तिने ते मागे घेतले, एडिटरची ती सोय त्या प्रकल्पापुरती बंद केली.

रिव्ह्यू

खरं काम इथून सुरू झालं. मेंटेनरचा पहिला प्रश्न असा होता: देवनागरीच का? बांगला, गुजराती, तेलुगू, थाई यांचं काय? आज एक पट्टा वगळला तर पुढच्या महिन्यात दुसरा कुणी दुसरा पट्टा घेऊन येईल, आणि ती यादी आम्ही जन्मभर सांभाळायची का?

ती जरा हिरमुसली. तिला वाटलं नकार आला. मी तिला ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. नकार देणारा माणूस एवढे प्रश्न विचारत नाही. कोड लिहिणाऱ्याचं काम मर्ज झालं, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये मिसळला, की संपतं, पण त्यातली प्रत्येक ओळ पुढची वर्षानुवर्षं मेंटेनरच्या गळ्यात असते. यादी वाढणार, हा त्याचा आक्षेप तिथून आला होता.

तिने मग दुसरं टोक सुचवलं: फक्त लॅटिन लिपीतल्या खुणा पुसायच्या, बाकी सगळ्या जगाला सोडून द्यायचं. हे काही हवेतलं नव्हतं. स्क्वीलाइटच्या मजकूर-शोधात मजकुराचे शब्द पाडणारा यूनिकोडचा भाग मूळ सेटिंगमध्ये लॅटिन अक्षरांवरच्याच खुणा काढतो, असं त्यांच्या कागदपत्रांत आहे. पण तिथे आणखी एक जण चर्चेत आला, हिब्रू मजकुरावर काम करणारा. त्याचं म्हणणं, हिब्रूत स्वरांचे ठिपके ऐच्छिक असतात. छापील धर्मग्रंथात असतात, वर्तमानपत्रात नसतात. शोधताना ते पुसले जाणं आम्हाला हवंच आहे, तुम्ही ते थांबवलंत तर आमचा शोध मोडेल. अरबीतल्या जेर-जबर या स्वरखुणांचंही तेच.

आता प्रश्न नीट मांडला गेला. काही लिप्यांत खूण पुसणं हवं, काहींत ते घातक. यादी नको. मग ओळखायचं कशावरून?

उत्तर तिच्या पहिल्या, फसलेल्या प्रयत्नात पडून होतं. ‘कम्बायनिंग’चा आकडा तिने तेव्हा शून्य की शून्य नाही एवढाच पाहिला होता. या वेळी तिने आकडे किती ते पाहिले. मात्रा आणि अनुस्वार शून्य. नुक्ता सात. जपानी कानातल्या, ‘क’चा ‘ग’ करणाऱ्या खुणा आठ. हलन्त नऊ. हिब्रूचे ठिपके दहा ते सव्वीस. अरबीच्या खुणा सत्तावीस ते पस्तीस, सिरियाक छत्तीस. मध्ये तेलुगूच्या काही खुणा चौऱ्याऐंशी आणि एक्क्याण्णव, थाईच्या एकशे तीन आणि एकशे सात. आणि युरोपीय भाषांच्या रेघा, टिंबं, शेपट्या दोनशेच्या पुढे. म्हणजे दहा ते छत्तीस आणि दोनशेच्या पुढचे आकडे पुसा, बाकी कशाला हात लावू नका. लिपीचं नाव नाही, पट्टे नाहीत, यादी नाही, दोन तुलना.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तिला टेस्ट लिहिताना सापडली. देवनागरीच्या पट्ट्यात वैदिक स्वरांच्या खुणाही आहेत, उदात्ताच्या नावाने नोंदलेली वरची उभी रेघ आणि अनुदात्ताची खालची आडवी रेघ. त्यांचे आकडे दोनशे तीस आणि दोनशे वीस. म्हणजे नवा नियम ऋचेतले स्वर पुसतो आणि मात्रा ठेवतो. संहितेत शब्द शोधणाऱ्याला अगदी हेच हवं असतं. देवनागरीचा अख्खा पट्टा वगळणाऱ्या तिच्या आधीच्या उपायात हे साधलं नसतं. सर्वांसाठी शोधलेला नियम मराठीसाठीही जास्त बरोबर निघाला.

शेवटी एक पायरी घातली: खुणा पुसून झाल्यावर सुटे केलेले तुकडे पुन्हा जोडायचे, म्हणजे र आणि नुक्त्याचा परत ऱ होतो. हे राहिलं असतं तर पडद्यावर काहीच फरक दिसला नसता, पण गिऱ्हाइकाने टाइप केलेला ऱ आणि यादीतला ऱ संगणकाला वेगळे वाटले असते.

टेस्टमध्ये तिने नेरूळ-नेरळ, वर्ण-वरण, तुर्भे, कोऱ्या ही नावं घातली, प्रत्येकीशेजारी क्रमांक आणि ही कशासाठी आहे त्याची एक ओळ. फ्रेंच, हिब्रू, अरबी यांच्याही घातल्या, त्यांचं वागणं बदललेलं नाही हे दाखवायला. मेंटेनरला मराठी येत नाही. उद्या कुणी हा कोड बदलताना वर्णाचं वरण केलं तर आरडाओरडा करणारी तीच एक जागा.

याच सुमारास तिला आणखी एक दोष दिसला. वाक्य शब्दांत तोडताना ती लायब्ररी पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरात नमुने शोधायच्या सोयीतलं) ‘कुठलंही अक्षर’ अशा अर्थाचं ‘डब्ल्यू’ चिन्ह वापरत होती, आणि त्याला मात्रा हे अक्षर वाटतच नाही. ‘ठाणे’ तोडलं की ‘ठ’ आणि ‘ण’ असे दोन शब्द. ती म्हणाली, “तेही यातच करून टाकते.” मेंटेनरने आधीच सांगून ठेवलं होतं, एका रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट. तिने त्याचा वेगळा इश्यू काढला.

मर्ज आणि त्यानंतर

मर्ज व्हायच्या आधी सगळे कमिट एकत्र करून एक करायला सांगितलं गेलं. त्या गडबडीत सहीची ओळ गळाली, तपासणी लाल झाली. तिने कमिट दुरुस्त करून ती पुन्हा घातली. मग बदलनोंदीत एक परिच्छेद लिहायला लागला, आणि तो कोडपेक्षा जास्त वेळा बदलला गेला. कारण ज्यांनी जुन्या पद्धतीने सपाट केलेली नावं डेटाबेसमध्ये साठवून ठेवली होती, त्यांचा शोध नव्या आवृत्तीत अचानक रिकामा आला असता. नावं नव्याने सपाट करून साठवा, ही सूचना ठळकपणे हवी होती. बदल तातडीच्या छोट्या आवृत्तीत न जाता पुढच्या मोठ्या आवृत्तीसाठी राखून ठेवला गेला. तिला घाई होती, पण त्यांचं बरोबर होतं.

नवी आवृत्ती आल्यावर तिने काकूंच्या लॅपटॉपवरची आपली खासगी प्रत काढून टाकली, यादी नव्याने साठवली आणि ‘नेरूळ’ टाइप केलं. नेरूळ आलं. मग काकू स्वतः बसल्या आणि त्यांनी टाइप केलं ‘नेरुळ’, ऱ्हस्व उकाराने, जसं निम्मी नवी मुंबई लिहिते. नेरळ आलं.

लायब्ररीचं सूत्र असं आहे: दोन नावांतल्या जुळणाऱ्या चिन्हांची दुप्पट, भागिले दोन्ही नावांतली एकूण चिन्हं. ऱ्हस्व नेरुळ आणि दीर्घ नेरूळ यांत चार चिन्हं जुळतात, एकूण दहा. आठ भागिले दहा, ०.८०. ऱ्हस्व नेरुळ आणि नेरळ यांतही चारच जुळतात, पण एकूण नऊ. आठ भागिले नऊ, ०.८९. जुना दोष उकार पुसून टाकत होता तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची चूकही त्यात झाकली जात होती.

याचीही रिक्वेस्ट पाठवू का, असं तिने विचारलं. मला ते पटलं नाही. ऱ्हस्व आणि दीर्घ एकच माना हा नियम गावांच्या नावांपुरता ठीक आहे. सगळ्या मराठीला लावला तर ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतील, आणि संस्कृत किंवा नेपाळीवाल्यांना तो विचारलेलाही नाही. तिने तो आपल्याच प्रोग्राममध्ये ठेवला. ताडण्याआधी दीर्घ उकाराचा ऱ्हस्व, दीर्घ वेलांटीची ऱ्हस्व, दोन्ही बाजूंना. नेरुळ आणि नेरूळ एक झाले, नेरळ वेगळंच राहिलं. ‘डब्ल्यू’वाला इश्यू अजून उघडा आहे. त्यावर एका तमिळ वापरकर्त्याने आपली उदाहरणं क्रमांकांसकट जोडली आहेत, आणि मेंटेनरने ती तपासायला तिलाच टॅग केलंय.